बेचाळीस नंबरचे गमबूट

२ सप्टेंबर, सोमवार

ही वही मी विकत घेतलेली नाही. आरोग्य केंद्रातल्या तूलियाने दिली. रोज रात्री जमिनीवर आरसा ठेवून दोन्ही तळपाय बघायचे आणि जे दिसेल ते लिहायचं, असा तिचा हुकूम आहे. ही तूलिया म्हणजे आमच्या शिकारीच्या तुकडीतल्या उर्होची मुलगी. लहानपणी मी तिला घसरगाडीवर बसवून बर्फातून शाळेपर्यंत ओढत नेलं आहे, आणि आज तीच मला हात धुतले का विचारते.

साखर माझी अकरा वर्षं जुनी. आज तिने केसाएवढा एक नायलॉनचा दोरा माझ्या तळव्यावर दहा ठिकाणी टेकवला. डोळे मिटून बसायचं आणि लागलं की 'लागलं' म्हणायचं. मी तीनदा म्हणालो. तिसऱ्यांदा तर अंदाजाने.

घरी हेल्वीला सांगितलं, दहापैकी आठ. एल्कची, त्या घोड्याएवढ्या हरणाची, शिकार बारा ऑक्टोबरला सुरू होते आणि बायकोला खरं कळलं तर ती थेट आमच्या म्होरक्याला, याल्मारीला, फोन लावेल. सोळाव्या वर्षापासून मी शिकारीचा पहिला दिवस चुकवलेला नाही. एक्कावन्न वर्षं झाली. पाय जरा झोपला म्हणून बावन्नावं सोडणार नाही.

"खरं तर गमबूट नकोतच," तूलिया म्हणाली. "घालणारच असाल तर नवे घ्या, ऐसपैस. संध्याकाळी लोकरी मोजे घालून पुठ्ठ्यावर उभे राहा, पाऊल आखा, कापा, आणि तो पुठ्ठा बुटात सरकवून बघा. कड दुमडली तर बूट लहान. पायाला विचारू नका. तो आता खोटं बोलतो."

"माझा पाय आजवर माझ्याशी खोटं बोललेला नाही."

"आजवर," ती म्हणाली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

डावा ठीक. उजवा ठीक. टाचांना भेगा आहेत, पण त्या जुन्या.

५ सप्टेंबर, गुरुवार

हेल्वीने काल रात्री माझे जुने गमबूट पाण्याने काठोकाठ भरून सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवर उभे केले. सकाळी पायरी ओली आणि डावा बूट अर्धा. मी टाचेजवळ सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं होतं, ते सुटलं असणार.

"तू दलदलीत जाणार आहेस की दलदल घरी आणणार आहेस?" तिने विचारलं. मी म्हणालो, दुसरं ठिगळ लावतो. ती म्हणाली, नवे घेतोस की मी घेऊ. तिने घेतले तर फुलाफुलांचे घेईल, म्हणून शनिवारी बघतो म्हणालो.

वाटाण्याचं सार झाल्यावर तिने पुठ्ठा आणला. मी त्यावर उभा राहिलो आणि खिडकीबाहेर बघत राहिलो. पेन्सिल पायाला लागली की माणूस हलतो, मी हललो नाही तर हिला शंका येईल, म्हणून गुदगुल्या झाल्यासारखा हसलो.

"अजून सुरुवात केलेली नाही," हेल्वी खालून म्हणाली.

"आधीच हसून घेतलं," मी म्हणालो. ती खाली मान घालून पाऊल आखत राहिली. बाई भोळी आहे म्हणून निभावलं. दोन्ही पाय ठीक.

१४ सप्टेंबर, शनिवार

पुठ्ठा कोटाच्या खिशात घेऊन रेइनोच्या दुकानात गेलो. खत, कुत्र्यांचं खाणं, करवतीच्या साखळ्या आणि गमबूट, सगळं त्याच्याकडे मिळतं. नेमका याल्मारी तिथेच खताच्या पोत्यावर बसून कॉफी पीत होता. त्याच्यासमोर खिशातून कागदी पाऊल काढायचं म्हणजे पुढची दहा वर्षं तेच ऐकायचं. पुठ्ठा खिशातच ठेवला.

रेइनोने तीन जोड काढले. पहिला हलका आणि स्वस्त, पण हातात दुमडला की घडीवर पांढरी रेघ उठत होती. असलं रबर पहिल्या कडक थंडीत तडकतं. दुसरा गुडघ्यापर्यंतचा, मागे चेन, आत गुबगुबीत अस्तर. दिसायला झकास, पण चालताना दोन्ही नळ्या एकमेकींना घासून कुईकुई करत होत्या. एल्कला अर्ध्या कोसावरून कळलं असतं की आर्वी आला. तिसरा गडद हिरवा, चांगल्या रबराचा, ओल्या ओंडक्यावर घसरू नये म्हणून तळाला खोल खाचा, आणि आतला लोकरीचा अस्तरबूट वेगळा काढून वाळवता येणारा. बूट म्हणावा तर हा.

"नंबर?" रेइनोने विचारलं.

"बेचाळीस."

"एखाद-दोन नंबर वर जा, आर्वी," याल्मारी पोत्यावरून म्हणाला. "आत दोन मोजे बसतील. पायात हवा राहिली तरच ऊब राहते."

"मी बेचाळीसचा आहे. लष्करात मोजलंय."

"लष्करात तुझं पोटही मोजलं होतं."

तरी रेइनोने चव्वेचाळीस आणले. घालून दुकानभर फिरलो. पायात काही घातलंय असंच वाटेना, मोज्यांवर फिरल्यासारखं. मग बेचाळीस घातले. ते मात्र कळले. चहूबाजूंनी पायाला नीट धरून होते. जो बूट कळतो तोच बसतो, हे सांगायला कोणी नर्स लागत नाही. बेचाळीस घेतले.

घरी आल्यावर गोठ्यात जाऊन पुठ्ठा आत सरकवून बघितला. करंगळीच्या बाजूने बोटभर दुमडला. हेल्वी तपासणार हे नक्की होतं, म्हणून पत्र्याच्या कात्रीने कड जराशी छाटली. मग बरोबर बसला. तिने रात्री बूट हातात घेतला, पुठ्ठा घालून बघितला, काढला आणि फडताळावर ठेवून दिला. म्हणाली, "छान बसतोय." दोन्ही पाय ठीक.

२८ सप्टेंबर, शनिवार

शिकारीच्या शेडमध्ये बैठक झाली. जागांची वाटणी ऐकून डोकं फिरलं. दलदलीतल्या बेटावरचा ठिय्या, जिथे मी बावीस वर्षं उभा राहतोय, तो उर्होला दिला. मला सडकेकडचा, ओंडक्यांच्या ढिगाजवळचा. तिथे गाडी थेट जाते. तिथे पूर्वी लुमिकोस्कीच्या आजोबांना बसवत, ते ब्याण्णव वर्षांचे असताना.

"का?" मी याल्मारीला विचारलं.

"वारा बदललाय," तो म्हणाला. दोन आठवड्यांनी वारा कुठून वाहणार हे याला आज कसं ठाऊक, ते मी विचारलं नाही.

आणखी एक नवीन खूळ. शेडमध्ये उंदीर झालेत म्हणे. म्हणून दर सकाळी निघण्याआधी प्रत्येकाने बूट काढायचे, उलटे करून झटकायचे, आत हात घालून बोटांपर्यंत चाचपायचे, मगच घालायचे. आमच्या तुकडीत माझ्यासकट वीस जण आहेत, सगळी बाप्ये-बाया माणसं, आणि सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. मला तर त्या शेडमध्ये आजवर उंदराची लेंडीसुद्धा दिसलेली नाही. याल्मारी म्हातारा होत चाललाय.

हेल्वी या आठवड्यात त्याच्याशी दोनदा फोनवर बोलली. काय म्हणत होता विचारलं तर म्हणाली, बटाट्यांचं बोलत होतो. त्याच्याकडे स्वतःचे दोन एकर बटाटे आहेत.

१२ ऑक्टोबर, शनिवार

पहिला दिवस. पहाटे गवत पांढरं झालं होतं. नारिंगी टोप्या, काळा पाव, कॉफी, आणि मग उंदीरवाल्यांची कवायत. सगळे एका पायावर उभे राहून बुटात हात घालत होते. मीही घातला, नाहीतर याल्मारी हलायला तयार नव्हता.

उर्होचा कुत्रा रुस्को दहाच्या सुमाराला उत्तरेला भुंकायला लागला. एका जागी उभा राहून, लयीत. म्हणजे एल्क अडवला. पण तो कुत्र्याला चुकवून नदीपार गेला. माझ्या ओंडक्यांकडे कोणी फिरकलं नाही. दुपारी याल्मारीने वॉकीटॉकीवर सांगितलं, "आर्वी, तू जागेवरच थांब, गाडी येतेय." मी म्हातारा नाही हे त्याला दाखवायचं होतं म्हणून दलदलीतून चालत गेलो, उर्होच्या बेटावर, आणि तिथून शेकोटीवर. चार किलोमीटर भरलं असेल. हेल्वीने विणलेले दोन-दोन मोजे आत, बूट जागचा हलला नाही, कुठे दुखलं नाही. असे बूट मला तरुणपणी मिळायला हवे होते.

डाव्या करंगळीच्या बाजूला लाल, वाटाण्याएवढं. सौनाने झालं असेल.

१३ ऑक्टोबर, रविवार

मोठा नर पडला, शिंगांना नऊ टोकं. आज्का हायक्काने मारला, तिचा पहिलाच. ओढून सडकेवर आणायला मीही दोर धरला. कोणीतरी माझ्या हातातून दोर काढून घेतला, पण मी परत धरला.

रात्री मोजा काढायला गेलो तर चिकटलेला. पाण्याने सोडवला. करंगळीची कड पांढरी पडून उघडली आहे, आत ओलं आहे. अजिबात दुखत नाही. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं लिहिणार होतो, पण लिहवलं नाही. एवढं उघडं मांस आणि मला खबर नाही. पट्टी लावली, मोजा चढवला. हेल्वीला सांगितलं, आज दमलोय.

भीती वाटते आहे. हे फक्त इथे लिहितो.

१६ ऑक्टोबर, बुधवार

हेल्वीला धुण्यात मोजा सापडला. ती ओरडली नाही. गाडीची किल्ली घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बूट पण घे बरोबर."

केंद्रातल्या डॉक्टरने करंगळीत सळई घालून खोली मोजली. मी छताकडे बघत होतो, मला काहीच कळलं नाही. तो म्हणाला, अजून हाडापर्यंत गेलेलं नाही. गेलं तर करंगळी काढावी लागेल, आणि असल्या पायात ते करंगळीवर थांबेलच असं सांगता येत नाही. गोळ्या, एक दिवसाआड पट्टी, बाजूने कापलेली एक कुरूप चप्पल, आणि जंगल बंद.

तूलियाने बुटात हात घातला, मग हेल्वीच्या पिशवीतला पुठ्ठा घेऊन माझ्या पायाला लावून बघितला. करंगळी पुठ्ठ्याबाहेर.

"हा कोणी कापला?" तिने विचारलं.

मी तोंड उघडण्याआधीच हेल्वी म्हणाली, "मी. कात्री चुकली माझी."

तूलिया तिलाच ओरडली. पाच मिनिटं. मी तिथे दगडासारखा बसून राहिलो. हेल्वीची कात्री बारीक आहे, आणि तो काप पत्र्याच्या कात्रीचा आहे, दातेरी. तिला समजायला हवं होतं. उगाच का स्वतःवर घेतलं कोण जाणे. घरी येताना विचारावंसं वाटलं, पण मग बाकीचंही बोलावं लागलं असतं.

२० ऑक्टोबर, रविवार

पाय स्टुलावर. ओसरीवर बसलं की रुस्कोचं भुंकणं ऐकू येतं. बंदुकीच्या दोन गोळ्या झाडल्याचं ऐकलं. एक्कावन्न वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्या कानावर घरातून पडल्या.

तूलिया आज सुट्टी असून पट्टी बदलायला आली. कड लाल आहे पण पसरलेली नाही. मी तिला विचारलं, वाचेल का. ती म्हणाली, "तुम्ही चालला नाहीत तर वाचेल." मी संडासाला जातो तेवढंच चालतो. इतकं शहाण्यासारखं मी आयुष्यात वागलो नसेन.

३ नोव्हेंबर, रविवार

उर्हो मांस घेऊन आला. माझा वाटा. मी म्हणालो, काहीतरी घोटाळा आहे, मी दोनच दिवस आलो होतो.

आमच्याकडे वाटणी अशी होते. टेबलावर मांसाचे ढीग लावतात. एक जण भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, दुसरा एकेका ढिगावर हात ठेवून विचारतो, "हा कोणाचा?" आणि पाठमोरा माणूस नाव घेतो. न बघता. त्यामुळे कोणाला चांगला तुकडा गेला याची तक्रार राहत नाही. ढीग मात्र हजेरीप्रमाणे लावायचे, हा नियम माझ्याच समोर ठरलेला आहे.

"पाठ करून कोण उभं होतं?"

"मी," उर्हो म्हणाला.

"आणि तू माझं नाव घेतलंस?"

"तोंडात आलं. ढीग वीसच लावले होते." त्याने कॉफी संपवली आणि गेला. एवढा सरळ माणूस, पण त्याला वीसपर्यंत मोजता येत नाही. मी हेल्वीला सांगितलं, हे परत करायला हवं. ती कांदा चिरत होती, म्हणाली, कर हवं तर.

५ नोव्हेंबर, मंगळवार

हेल्वीने गाडी काढली. मांस घेऊन याल्मारीकडे गेलो. ती गाडीतच बसली.

मी त्याच्या स्वयंपाकघरात उभा राहिलो, पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणालो, मी न कमावलेलं खात नाही. तो म्हणाला, बस. मी बसलो, आणि मग काय झालं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं. म्हणालो, याल्मारी, माझे पाय मेलेत. दोन वर्षं झाली. दगडावर आहे की गवतावर आहे हे मला बघितल्याशिवाय कळत नाही. बंदूक हातात घेऊन मी असा उभा असतो. तुला सांगायला हवं होतं.

त्याने कॉफी ओतली. "मार्चमध्ये तू इथेच पत्ते खेळत होतास," तो म्हणाला. "मोज्यांवर. तुझ्या उजव्या टाचेत भिंतीवरच्या कॅलेंडरची टाचणी घुसलेली. दोन तास तू तिच्यावर पाय टेकवून बसला होतास. माझ्या बायकोने, आउनेने, टेबलाखाली चमचा पडल्याचं नाटक करून ती काढली."

"मग?"

"मग काय. तू डाव जिंकलास."

"अजून कोणाला माहीत आहे?"

"एकोणीस जणांना. आता विसाव्यालाही कळलं."

दोन वर्षं मी जिना उतरताना कठडा धरला नाही, कोणाला दिसू नये म्हणून. लोकांसमोर बूट घालताना तोंड दुसरीकडे केलं. आणि ही सगळी माणसं बसून बघत होती. राग यायला हवा होता, पण आला नाही. हलकं वाटलं, इतकं की हसू यायला लागलं, आणि मग याल्मारीही हसला.

"सडकेकडचा ठिय्या हेल्वीने मागितला ना?" मी विचारलं.

"तिने फक्त विचारलं, गाडी कुठवर जाते."

"आणि उंदीर? मिळाले का?"

"नाही अजून," तो म्हणाला. "बूट झटकणं चालूच ठेवावं लागेल." म्हणजे तेवढं खूळ त्याच्या डोक्यात आहेच. मांसाची पिशवी त्याने परत माझ्या हातात दिली.

गाडीत हेल्वीला सगळं सांगितलं. दोऱ्याचे तीन, पुठ्ठ्याची कात्री, सगळं. ती समोर बघून गाडी चालवत होती. म्हणाली, "बरं." गाडी अंगणात लावताना म्हणाली, "मांस शिजवते आज."

२८ नोव्हेंबर, गुरुवार

जखम बुजली.

तूलियाने भिंग लावून बघितलं, बोटाने दाबलं, परत बघितलं आणि म्हणाली, बंद झाली आहे. करंगळी माझीच आहे आणि माझ्याकडेच राहणार. मी 'ठीक आहे' म्हणालो आणि गाडीत येऊन रडलो. हेल्वीने खिडकीची काच वर केली, बाहेर लोक उभे होते म्हणून.

तिथूनच रेइनोकडे गेलो. नवा पुठ्ठा, दोन मोज्यांवरून आखलेला, तूलियाने तिच्या हाताने कापलेला. मी तो दुकानाच्या मधोमध काढला. तेच हिरवे बूट, चव्वेचाळीस. पुठ्ठा आत सपाट बसला, पुढे अंगठ्याएवढी जागा. हेल्वीने कोपरापर्यंत हात घालून सगळ्या शिवणी चाचपल्या.

"कसे वाटतायत?" रेइनोने विचारलं.

"मला विचारू नकोस," मी म्हणालो. "तिला विचार."

"छान आहेत," हेल्वी म्हणाली, आणि रेइनोने ते खोक्यात घातले.

७ डिसेंबर, शनिवार

तूलियाची परवानगी: अर्धा दिवस, कोरड्यात, दर दोन तासांनी बूट काढून बघायचं. ओंडक्यांच्या ढिगावर हेल्वीने मेंढीचं कातडं घालून दिलं होतं. ताजा बर्फ, वारा नाही. दूर कुठेतरी रुस्को भुंकला आणि गप्प झाला. माझ्यासमोर एल्क आला नाही, कोल्हा आला नाही, एक खार आली आणि गेली. इतका चांगला दिवस मी शिकारीत काढल्याचं आठवत नाही. सडकेवरून जाणारा प्रत्येक जण गाडीची काच खाली करून विचारत होता, पाय काय म्हणतोय, आणि मी प्रत्येकाला सांगत होतो, तो काही म्हणत नाही, तोच तर त्याचा रोग आहे.

रात्री आरसा जमिनीवर ठेवला. दिवा धरला, वाकलो, चष्मा घसरला. मग हेल्वीला हाक मारली. म्हणालो, तू बघ, मला यातलं नीट दिसत नाही.

ती दिवा घेऊन जमिनीवर बसली. माझा पाय मांडीवर घेतला आणि एकेक बोट वेगळं करून बघायला लागली. मी वरून तिच्या भांगाकडे बघत होतो. तिची बोटं माझ्या पायावरून फिरताना दिसत होती, पण कळत नव्हती, आणि हे आता लपवायचं नव्हतं.

"हेल्वी, तुझे हात मला कळत नाहीयेत."

"मला तुझा पाय कळतोय," ती म्हणाली. "दोघांत एकाला कळलं तरी चालतं." आणि तिने दुसरा पाय मागितला.